फोटो पावला

माझा व्यवसाय लोकांना पैसे न देण्याचा आहे. विमा कंपनीत मोटार दाव्यांच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसतोय. कुणाचा बंपर चेपला, कुणाचा आरसा रिक्षानं नेला, की तो माणूस कागद घेऊन माझ्यासमोर येतो आणि मी त्याच्या दुःखातून घसारा वजा करतो. रबर आणि प्लॅस्टिकला ५० टक्के, फायबरला ३० टक्के. काचेला मात्र घसारा नाही. हे शेवटचं वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी उच्चारतो, आणि त्यानंच माझा घात केला. कारण लेन्स काचेची असते.

तीन वर्षांपूर्वी मला फोटोग्राफीची हौस लागली. गौतम राजाध्यक्ष आधी रसायनशास्त्र शिकवायचे, मग जाहिरात क्षेत्रात गेले आणि मग त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला चेहरे कसे बघायचे ते शिकवलं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. रसायनशास्त्रातून जर तिथं पोचता येतं, तर मोटार दाव्यांतून का नाही, असा माझा साधा हिशेब होता. हिशेबाचं म्हणाल तर डायरीत तोही आहे. कॅमेरा ९२,०००. ८५ मिलिमीटरची लेन्स ४४,०००. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सतरा कप्प्यांची पाठपिशवी मिळून २१,०००. एकूण १,५७,००० रुपये, सुलभ हप्त्यांत. आणि ज्याचा फोटो काढायचा त्या माणसासाठी तरतूद: शून्य. माणसं काय, पुण्यात पायलीला पन्नास मिळतात!

सुरुवात घरापासून केली. बायको पहिला महिनाभर उत्साहानं खिडकीपाशी बसली. चौथ्या रविवारी, मी उजेड मोजेपर्यंत पोहे गार झाल्यावर, ती उठली आणि परत बसली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, मोबाईलनं काढा ना, लगेच दिसतो." उरली आई. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती टिपायचीच, असं मी ठरवलं. तिनं पंधरा मिनिटं निमूट बसून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "हा हार घालायच्या फ्रेमसाठी काढतोयस का रे?" मी कॅमेरा पिशवीत ठेवला. अकराव्या कप्प्यात.

मग पक्षी. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात, तिथं आमचा फोटोग्राफीचा ग्रुप पहाटे तीनला निघाला. नाववाल्या दादांनी फेरीचे बाराशे सांगितले, दिले. वर माशाचं जेवण, तेही गुणगुणत दिलं. रोहित पक्षी माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. तरी परतताना मी नाववाल्याला शंभर रुपये जास्तच दिले. पाठ दाखवणाऱ्या पक्ष्यासाठी दिलेल्या या तेराशेंची आठवण पुढं माझ्या बायकोनं फार योग्य वेळी काढली.

त्याच वर्षी दिवे घाटात आषाढी वारी टिपायला गेलो. तिथं वारकऱ्यांइतकेच फोटोग्राफर असतात. फरक एवढाच, की वारकरी कुणाला ढकलत नाहीत. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी समोरून आल्या. वर ढगातून ऊन अगदी बेताचं आलेलं. मी टिपलं, पण हात हलला. पळत पुढं गेलो आणि म्हणालो, "आजी, जरा मागं जाऊन परत याल का?" आजी न थांबता म्हणाल्या, "माऊली, वारी मागं नाय चालत." पण हसल्या. त्या हसण्याचा फोटो मात्र चुकून बरा आला. दहा पावलं गेल्यावर त्यांनी वळून विचारलं, "फोटू धाडशील का?" म्हटलं, धाडतो. त्यांच्याबरोबरच्या पोरानं नंबर सांगितला, तो मी टोल नाक्याच्या पावतीमागं लिहिला. ती पावती सतरापैकी कुठल्या कप्प्यात आहे, हा प्रश्न अजून तपासाधीन आहे.

पैशाचा प्रश्न पहिल्यांदा तोंडावर आला तो एका वासुदेवामुळं. सदाशिव पेठेत सकाळी सहाला मोरपिसांची टोपी, पायघोळ झगा, हातात चिपळ्या असा साक्षात वासुदेव दिसला. मी त्यांना एका वाड्याच्या दारापुढं उभं केलं आणि गिरकी घ्यायला सांगितलं. झग्याचा घेर नीट यायला हवा होता. पहिल्या गिरकीला फोकस चुकला, दुसरीला मागून दूधवाला आला, पाचवीला टोपी फ्रेमबाहेर गेली. चौदाव्या गिरकीला वासुदेवच थोडे कलंडले. मग त्यांनी चिपळ्या काखेत धरल्या, झग्यातून क्यूआर कोडचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी म्हणालो, "अहो, मी व्यावसायिक नाही. हौशी आहे. तुम्हाला फोटो पाठवीन ना!"

वासुदेव फार सौम्यपणे म्हणाले, "साहेब, आम्ही 'दान पावलं' म्हणतो. 'फोटो पावला' असं आमच्याकडं नाही."

मी पन्नास रुपये स्कॅन केले. एका गिरकीला साडेतीन रुपये पडले. महाग वाटले.

त्यानंतर मी ठरवलं की आता रीतसर मॉडेलच घ्यायची. एका दुकानासाठी पैठण्या नेसून फोटो देणाऱ्या एका मुलीचं काम माझ्या बघण्यात आलं होतं. तिला मी अतिशय सभ्य संदेश पाठवला: "आपण कोलॅब करू. तुमचा वेळ, माझे फोटो. दोघांच्याही पोर्टफोलिओला उपयोग होईल." उत्तर आलं: दोन तास, ४,००० रुपये, सोबत माझी मावशी येईल.

मी लिहिलं, "मी हौशी आहे हो."

तिनं लिहिलं, "सर, मी नाही."

हे तीन शब्द मी रात्री जेवताना बायकोला तक्रार म्हणून ऐकवले. ती भाजी वाढत होती. मी माझी बाजू आकड्यांत मांडली. माझा शटरचा वेग सेकंदाचा दोनशेवा भाग. दोन तासांत समजा १२० फोटो. म्हणजे प्रत्यक्ष फोटो काढण्याचा एकूण वेळ शून्य पूर्णांक सहा दशांश सेकंद. एका सेकंदालाही न पुरणाऱ्या कामाचे चार हजार? असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी एका ओळीत नामंजूर केला असता.

बायको म्हणाली, "मग कॅमेराही तेवढाच वेळ चालणार. त्याचे दीड लाख कशाचे दिलेत?" आणि आमटी वाढता वाढता, "त्या पक्ष्यांनी पाठ दाखवली त्याचे तेराशे दिले होतेत ना?"

मी ताक मागितलं.

घरात हरलेला माणूस ग्रुपकडे जातो. आमच्या ग्रुपमध्ये दर रविवारी चहाच्या टपरीवर चर्चासत्र भरतं आणि तीन लाखांची लेन्स बाळगणारी माणसं कटिंगचे पैसे कोणी द्यायचे यावरून एकमेकांकडे बघत उभी राहतात. माझा प्रश्न मांडताच दोन तट पडले. एक तट म्हणाला, पैसे दिले की हौसेची मजा जाते. दुसरा तट म्हणाला, पैसे दिले की मॉडेल वेळेवर येते. तिसरा तट म्हणजे मी; मी म्हणत होतो की पैसे न देताही ती वेळेवर यायला हवी.

ग्रुपमधले एक बुजुर्ग निवृत्त कलाशिक्षक आहेत. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. म्हणाले, "आमच्याकडे समोर बसणाऱ्या बाईला मानधन होतं. कमी होतं, पण होतं. तिच्यावाचून वर्ग होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. रवी जाधवांचा 'न्यूड' पाहिलात ना, २०१८ चा? त्यात तेच आहे: बसणं हे काम आहे. तासभर न हलता बसून बघा, मग सांगा." मग त्यांनी डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईंच्या प्रसिद्ध फोटोचा विषय काढला. १९३६ सालच्या मंदीत कॅलिफोर्नियात, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एक आई बसलेली आहे, गालाला हात, दोन पोरं पाठमोरी तिच्या खांद्याला बिलगलेली. लँगबाई सरकारी कामावर होत्या, त्यांनी त्या आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. फोटो जगभर गेला, टपाल तिकिटावर आला. आणि ती आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चाळीसेक वर्षांनी, १९७८ मध्ये पुढं आली, तेव्हा तिची तक्रार साधी होती: या फोटोतून मला काही मिळालं नाही.

"पण सर," मी मुद्दा शोधला, "फोटो सरकारचा होता, त्यामुळं लँगबाईंनाही त्यावर हक्काचे पैसे मिळाले नव्हते."

"बरोबर," बुजुर्ग म्हणाले, "पण त्यांना पगार होता. आणि नाव मिळालं. तुमच्याकडे यांतलं काय आहे?"

मी कटिंगचे पैसे दिले. सगळ्यांचे.

तरी मी हार मानली नाही. फुकटात राजी होईल असा माणूस शोधायचा, हा आता तत्त्वाचा प्रश्न झाला होता. तो सापडलाही. भाचीच्या कॉलेजातला एक मुलगा, नाटकात काम करणारा. त्याला ऑडिशनला पाठवायला चार चांगले फोटो हवे होते. मला चेहरा हवा होता. याहून स्वच्छ व्यवहार कोणता? मला काका म्हणत तो रविवारी सकाळी सातला हजर झाला. मी पावणेनऊला पोचलो, कारण फ्लॅशचे सेल चार्ज करायचे राहिले होते. ऊन डोक्यावर आलं, म्हणून पुढच्या रविवारी परत बोलावलं. पुढच्या रविवारी ढग होते, म्हणून त्याच्या पुढच्या. त्या पोराला मी तीन रविवार, चार शर्ट आणि एकूण साताठ तास उभं केलं. ते तास मोजावेत असं मला एकदाही वाटलं नाही. फुकट मिळालेल्या माणसाचा वेळ संपतो हे आपल्याला खरंच वाटत नाही.

फोटो घरी पाहिले. भारी लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळून फोटो काढला, की फोकसची पट्टी बोटभर रुंदीचीसुद्धा उरत नाही. माझी पट्टी दर वेळी कानावर पडली होती. त्या मुलाच्या डाव्या कानाचे २१२ अप्रतिम फोटो माझ्याकडे आहेत. लव न् लव मोजता येते. डोळे मात्र धुक्यात. वाईट याचं वाटतं, की माझ्या टेबलावर येणारे चेपलेल्या बंपरचे फोटो याहून शार्प असतात, आणि ते लोक रागात, रस्त्यात, मोबाईलवर काढतात.

हे त्याला सांगायचं कसं? मी सांगितलं, "एडिटिंग चालू आहे." पहिल्या आठवड्यात त्याचा संदेश आला: "काका, फोटो?" दुसऱ्या आठवड्यात: "काका, दोनच दिलेत तरी चालतील." महिन्यानं: "काका, ऑडिशन शुक्रवारी आहे." मी प्रत्येक वेळी लिहिलं, "काम प्रक्रियेत आहे." लिहिताना काहीतरी ओळखीचं वाटलं. तिसऱ्या वेळी कळलं. हे वाक्य मी ऑफिसात वापरतो. तो पोरगा दावेदार होता. त्याचे कागद पूर्ण होते, प्रीमियम त्यानं तीन रविवारी आगाऊ भरला होता, आणि मी त्याचा दावा बसवून ठेवला होता. शेवटी त्यानं कोपऱ्यावरच्या स्टुडिओत दीडशे रुपयांत फोटो काढून घेतले. स्टुडिओवाल्यानं दोन्ही डोळे शार्प दिले.

ज्याला मी मोबदला म्हणत होतो, त्या 'माझ्या फोटो'ची बाजारातली किंमत त्या दिवशी ठरली. दीडशे रुपये, वजा घसारा. आणि तेवढेही मी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पैठणीवाल्या मुलीला चार हजार कबूल केले. तरी सवयीनं विचारलंच, चार हजार कशाचे? तिनं तपशील पाठवला: केस आणि मेकअप इतके, साडीची इस्त्री, येण्याजाण्याची रिक्षा, दोन तास माझे, आणि मावशीची बुडालेली ऑर्डर. मावशी पोळीभाजीचा डबा देतात. इतकं स्वच्छ एस्टिमेट मला एकाही गॅरेजवाल्यानं आजवर दिलेलं नाही. मी एक रुपया कापू शकलो नाही.

मित्राच्या कसब्यातल्या जुन्या वाड्याचं अंगण ठरलं. सकाळी आठ. ती सात वाजून पंचावन्न मिनिटांनी आली, मागून मावशी पदर खोचून. मीही वेळेवर होतो. चार हजारांचं मीटर चालू होणार म्हटल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा फ्लॅशचे सेल आदल्या रात्री आठवले. पिशवीतून रिफ्लेक्टर काढला. हे एक चंदेरी गोल कापड असतं, तारेच्या कड्यावर ताणलेलं. पिशवीतून काढताच फाडकन उघडतं आणि मग कुठल्याही मानवी प्रयत्नानं मिटत नाही. ते माझ्या तोंडावर उघडलं. चष्मा तुळशीवृंदावनात गेला. मावशींनी रिफ्लेक्टर माझ्या हातातून घेतला, आणि पुढं दोन तास त्यांनीच धरला.

मुलगी कामाची होती. ऊन कुठून येतंय ते न बघताच तिची हनुवटी बरोबर वळायची. मी "थोडं डावीकडे" म्हणायच्या आत ती डावीकडे झालेली असायची. मी भराभर बटण दाबत होतो. पंचेचाळीस मिनिटांनी मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "बघा, कसे आलेत." तिनं पडदा पाहिला आणि अतिशय आदरानं विचारलं, "सर, हे कोपऱ्यात 'कार्ड नाही' का लिहिलंय?"

कार्ड घरी होतं, लॅपटॉपमध्ये. आदल्या रात्री मी त्यावरचे कान पुसत बसलो होतो. आणि कार्डाशिवायही शटर उडावं अशी सोय आमच्या कॅमेऱ्यात असते. दुकानात गिऱ्हाईकाला दाखवायला दिलेली. मी पाऊण तास गिऱ्हाईक होतो. माझा तो शून्य पूर्णांक सहा दशांश सेकंदाचा हिशेबही आता खोटा ठरला. एकूण वेळ शून्य पूर्णांक शून्य.

मी पळत जाऊन नवं कार्ड आणलं. दुकान साडेनऊशिवाय उघडत नव्हतं, म्हणून मालकाच्या घरची बेल वाजवली. पुण्यात हे केलेल्या माणसाला काय ऐकावं लागतं ते मी लिहीत नाही. परत आलो तेव्हा पस्तीस मिनिटं गेली होती. वाटलं, आता ती चिडली असेल. ती पायरीवर शांत बसून पाणी पीत होती. "वेळ चालू होता सर," एवढंच म्हणाली. नाटकवाल्या मुलाला मी अशा वेळी "पुढच्या रविवारी ये" म्हणालो असतो. इथं जीभ उचलली नाही. उरलेल्या चाळीस मिनिटांत मी फक्त तीस फोटो काढले, एकेक विचार करून, फोकस डोळ्यावर ठेवून. त्यातले अकरा बरे आले. तीन वर्षांतलं माझं हे सर्वोत्तम पीक.

आटोपताना रिफ्लेक्टर मिटायची वेळ आली. मी झोंबायला लागलो. मावशींनी तो पुन्हा घेतला, पोळीची घडी घालावी तशी मनगटाची एक पिरगळ दिली आणि छोट्या गोल पिशवीत सरकवला. त्या क्षणी त्या माझ्याकडे बघून अशा काही हसल्या, की माझा हात आपोआप उठला. एकच फोटो. ऊन, नथीची चमक, आणि समोरच्या गाढवाबद्दलची माया, सगळं आलं.

मावशींनी पदर सारखा केला आणि तळहात पुढं केला. "तिचं झालं. आता माझं बघा."

"मावशी, तुमचा तर एकच..." मी सुरू केलं.

"पोळी मी फुकट देत नाही," मावशी म्हणाल्या, "समोरच्याला खायची हौस आहे म्हणून. पत्रा धरला त्याचे तीनशे, चेहऱ्याचे दोनशे. आणि फोटो कागदावर पायजे. मोबाईलवर नको, तो हरवतो."

पाचशे रुपये मी उभ्या उभ्या दिले. आठ दिवसांनी मोठा कागदी फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो हात लांब धरून पाहिला, डब्याच्या यादीशेजारी भिंतीला टेकवला आणि मला दोन गरम पोळ्या वाढल्या. पैसे घेतले नाहीत. मी विचारलंही नाही. एवढी अक्कल आता आली होती.

त्या रात्री डायरी काढली आणि शून्याच्या रकान्यापासून सुरुवात केली. मॉडेल ४,०००: अदा. मावशी ५००: अदा. वासुदेव: साडेतीन रुपयांचा दर चुकीचा, फरक देणे, आता दिसले की देतो. नाटकवाला मुलगा: तीन रविवार आणि स्टुडिओचे दीडशे. त्याच्या खात्यावर दोन हजार पाठवले आणि खाली खरं कारण लिहिलं. त्याचं उत्तर आलं: "काका, कानाचा एक पाठवा ना. मजा म्हणून." पाठवला. पहिला फोटो जो मी वेळेत पाठवला.

एक दावा मात्र उघडा राहिला. टोल नाक्याची पावती सतराही कप्प्यांत सापडली नाही. आमच्या विमा क्षेत्रात नियम आहे, की देय असलेली रक्कम दहा वर्षं कुणी मागायला आलं नाही, तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. माझी दावेदार आधीच ज्येष्ठ नागरिक आहे, आणि मागायला ती येणार नाही. तिची वारी मागं चालत नाही. म्हणून आजींच्या हसण्याचा फोटो मोठा करून, प्लॅस्टिकमध्ये घालून, पिशवीच्या पहिल्या कप्प्यात ठेवलाय. गेल्या आषाढी वारीत दिवे घाटाच्या त्याच वळणावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो हातात धरून उभा होतो. कॅमेरा गळ्यात होता, पण हात रिकामा नव्हता, त्यामुळं एकही फोटो काढता आला नाही. आजी दिसल्या नाहीत. दोन बायकांनी मात्र फोटो निरखून बघितला, आणि एकीनं विचारलं, "कितीला देता?"